भिंतीपलीकडचा उतार

पिंपळगाव राजा
२४ जून २०२४

मंजुळावहिनी,

मी पुष्पांजली. तुमच्या घराच्या पाठीमागची, वामनरावांची बायको. इतक्या वर्षांनी माझा कागद पाहून तुमाले नवल वाटन. आधी फोन केला होता. तो मंजुश्रीनं उचलला आन् म्हणली, "आईला ऐकू येत नाही, काय ते मला सांगा." पण हे काम तुमचं आहे, लेकीच्या तोंडून अर्धं-मुर्धं नको, म्हून लिहून राह्यली. तुमी शाळेत शिकवलेल्या. माझ्या चुका काढत बसू नोका.

ह्यांले मागच्या हिवाळ्यात लकवा मारला, हे शेजारच्या बेबीताईनं तुमाले सांगितलंच असन. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणतात, चालवत राहा, जेवढं स्वतःच्यानं होते तेवढं करू द्या. घरात भिंत धरून चालतात. पण आमचा संडास परसाच्या टोकाले, तुमच्या भिंतीशी. पुढचा रस्ता सिमेंटचा झाला तवापासून रस्ता वर आन् घर खाली झालं. आता छपराचं पाणी, परसाचं पाणी, सगळं मागंच जमा होते आन् तिथंच बसते. परवा पाऊस थांबून दिवस उलटला तरी पाणी घोट्याच्या वर होतं. मी विटा मांडल्या. ते विटांवरून चालले आन् घसरले. हाड मोडलं नाही, पण चिखलात बसले ते मले उचलताच येईनात. गल्लीतली माणसं बोलवा लागली. चार लोकांनी उचलून आणलं तवा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तवापासून ते इशारा करतात, खाटेजवळ भांडं ठेव. मी ठेवणार नाही. ज्या माणसानं जल्मभर एसटी चालवली, तो आपल्या पायानं परसात जाईन. हे मी ठरवलं आहे.

आता तुमच्याकडं काय काम ते सांगते. उतार तुमच्या बाजूनं आहे. पहिले आपल्या मधल्या भिंतीच्या बुडाले भोक होतं. तिथून पाणी तुमच्या परसात, मंग घराच्या बाजूच्या बोळीतून तुमच्या गल्लीच्या नालीत जाय. शालिग्रामभाऊंनी ते विटा-सिमेंट लावून बुजवलं. भाऊ गेले, तुमी लेकीकडं देऊळगावले गेल्या, घराले कुलूप आहे. कोणाले तरास होणार नाही. तेवढं भोक उघडू द्या. तुमचा होकार आल्याबिगर मी विटेले हात लावणार नाही.

पुष्पांजली


देऊळगाव राजा
३ जुलै २०२४

सौ. पुष्पांजली यांस,

आपले पत्र मिळाले. वामनरावांच्या आजारपणाचे ऐकून वाईट वाटले. त्यांना लवकर आराम पडो.

भिंतीचे भोक उघडण्यास माझी संमती नाही. ते माझ्या यजमानांनी स्वतःच्या हाताने बंद केले होते, उगाच केले नव्हते. ज्या गोष्टीवरून दोन घरांचे बोलणे बंद झाले ती गोष्ट त्यांच्या पाठीमागे मी परत सुरू करू, असे आपण कसे काय धरून चाललात, याचे मला आश्चर्य वाटते.

घराला कुलूप आहे म्हणजे घराला मालक नाही, असे नव्हे. आज भोक मागाल, उद्या नाली मागाल, परवा ती नाली वहिवाटीची म्हणाल. पाण्याची आपली व्यवस्था आपण आपल्या जागेत करावी. हल्ली शोषखड्डे करतात असे ऐकते. कोणी जाणकार बघून विचारावे.

मंजुळा


पिंपळगाव राजा
१३ जुलै २०२४

मंजुळावहिनी,

तुमचा कागद वाचला आन् दोन दिवस बाजूले ठेवून दिला. रागात लिवलं असतं तर भलतंच लिवलं असतं.

तुमी सांगितला तो शोषखड्डा तुमचा कागद यायच्या आधीच करून झाला होता. हरिओम मिस्त्रीले बोलावलं, परसात मधोमध खड्डा खोदला, दगड भरले, गिट्टी भरली, वर वाळू. एक पाऊस झाला आन् खड्डा हौदासारखा भरला. तो तसाच भरलेला आहे, त्यात आता बेडकं ओरडतात. आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडतात, आन् एकदा का भिजली की फुगून बसते, मंग थेंब खाली जाऊ देत नाही. मोटार लावून उपसूनही पाह्यलं. पाणी पुढच्या रस्त्यावर सोडलं तं समोरच्यांच्या ओट्यात शिरलं. ते भांडाले आले. त्यांचं बरोबरच होतं.

शिवम पुण्याहून रोज फोन करते. म्हणते, "आई, बाबाले घेऊन इकडं ये, तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा काही प्रश्न नाही." पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे. पण मागच्या बारीले नेलं होतं तं हे खिडकीशी बसून राहत, जेवत नसत. अठी परसात कडुनिंबाखाली खुर्ची टाकली की ते जाणाऱ्या-येणाऱ्याले हात करतात. डावा हात, पण करतात. मी त्यांले कुठी नेणार नाही.

आणखी एक सांगते. पाणी आमच्या परसात अडून राह्यलं म्हणजे ते तुमच्या भिंतीलेच लागून राह्यलं. भिंतीचा खालचा भाग ओला होऊन पोपडे पडू राह्यले. भिंतीपासून तुमचं सैपाकघर किती लांब आहे? ओल तिथंवर गेली असन तर आतून पाहा लागन. हे मी भीती दाखवाले लिहत नाही.

आन् एक विचारते. शालिग्रामभाऊंचं आमच्या पावसाच्या पाण्यानं काय बिघडवलं होतं? चार महिने पाणी येते, निघून जाते. एवढ्यासाठी त्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं?

पुष्पांजली


देऊळगाव राजा
२२ जुलै २०२४

सौ. पुष्पांजली यांस,

तुम्ही विचारले म्हणून लिहिते. नसते विचारले तर लिहिले नसते.

पावसाच्या पाण्याने आमचे काहीच बिघडवले नव्हते. पावसाचे पाणी तुमच्या सासूबाईंच्या काळापासून आमच्या परसातून जात होते, त्याबद्दल आम्ही कधी शब्द काढला नाही. पण तुम्ही नवी न्हाणी बांधलीत आणि तिचे पाणी त्याच भोकाला लावून दिलेत. आंघोळीचे, धुण्याचे, भांड्यांचे. बारा महिने ते माझ्या सैपाकघराच्या खिडकीखालून वाहत होते. उन्हाळ्यात खिडकी उघडता येत नसे. पोळी लाटताना मी तोंडाला पदर बांधत असे. मंजुश्री बाळंतपणाला आली तेव्हा डासांमुळे लेकराच्या अंगावर जागा उरली नव्हती. ती दहाव्या दिवशीच परत गेली आणि पुन्हा माहेरी राहायला आली नाही.

यजमान तुमच्या घरी सांगायला निघाले होते. वामनराव वाटेत पारावरच भेटले. चार लोकांत ते म्हणाले, "उतार तुमच्याकडं आहे, त्याले मी काय करू?" लोक हसले. यजमान घरी आले, सिमेंट कालवले आणि भोक बुजवले. मी विटा दिल्या. दुसऱ्या दिवसापासून ते वामनरावांशी बोलले नाहीत. ते दोघे एका वर्गात शिकलेले होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

तुम्हांला हे खरेच माहीत नव्हते की माहीत करून घ्यायचे नव्हते, ते मी विचारत नाही.

भिंतीच्या ओलीबद्दल म्हणाल, तर गरज पडली की माणसे दुसऱ्याच्या भिंतीची काळजी करू लागतात.

मंजुळा


पिंपळगाव राजा
११ ऑगस्ट २०२४

मंजुळावहिनी,

हा कागद काही मागाले लिहत नाही.

तुमचं पत्र मी ह्यांच्यापुढं वाचलं. पारावरचं आलं तवा ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी विचारलं, "खरं आहे का हे?" त्यांनी मान हलवली. मले खरंच माहीत नव्हतं. मी नळ सोडू, पाणी जाय. कुठी जाते हे भिंतीपलीकडं जाऊन कधी पाह्यलं नाही.

भोक बुजल्यावर आमी न्हाणीचं पाणी परसात अळूच्या वाफ्यात सोडलं होतं. म्हणजे आता जे पाणी साचते त्यात पाऊस आहे तसं आमचं सांडपाणीबी आहे. त्याच पाण्यात हे घसरले होते.

तर मी न्हाणी फोडली. हरिओम म्हणला, पावसाळ्यात काऊन फोडता, दिवाळीनंतर पाहू. मी म्हटलं, आत्ताच. पुढच्या रस्त्याची नाली आमच्या परसापेक्षा वर आहे म्हून पाणी तिकडं जात नव्हतं. मंग न्हाणीच उचलली. खाली मुरूम भरला, कुटला, फरशी मांडी एवढी वर घेतली. घराच्या कडेकडेनं पाइप टाकला आन् पुढच्या नालीत नेऊन सोडला. आता आंघोळीले दोन पायऱ्या चढा लागतात. ह्यांच्यासाठी पायऱ्यांशेजारी लोखंडी दांडा लावून घेतला. भांड्यांची मोरीबी त्याच पाइपाले जोडली. हे होईपर्यंत आमी बेबीताईच्या घरी आंघोळ करत होतो. सुनेनं फोनवर म्हटलं, "आई, तुम्ही घर दुरुस्त करताय की नवीन बांधताय?" मी म्हटलं, जे लागन ते.

आता आमच्या घराचं एक थेंब सांडपाणी मागं येत नाही. परसात फक्त वरचं पाणी, देवाचं. ते मात्र आहे तिथंच आहे. विटा आहेत तशाच आहेत. मी त्यांच्या संगं चालते, कमरेले धरून. चालू आहे.

एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकते. बेबीताई म्हणते, तुमी मागच्या हप्त्यात गावात आल्या होत्या, संगं कोणी दोघं होते, घर उघडलं, आन् सांजच्या बसनं परत गेल्या. मी घरी नव्हती, गिरणीवर गेली होती. तुमी ग्रामपंचायतीत आमची तक्रार कराले आल्या होत्या का? केली असन तर करा. पण आमच्या दारावरून गेल्या आन् आवाज दिला नाही, हे मले लागलं.

पुष्पांजली


देऊळगाव राजा
२१ ऑगस्ट २०२४

पुष्पांजली,

तक्रार केली नाही. का आले होते ते नंतर कधी सांगेन. पण त्या दिवशी काय झाले ते तुला कळायला हवे. वामनरावांनी ते तुला सांगितलेले दिसत नाही, किंवा त्यांना सांगता आले नसेल.

मी घर उघडले. सैपाकघरात गेले तर मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. फडताळातल्या फळ्या फुगलेल्या, ज्या कोपऱ्यात मी पिठाचे डबे ठेवत असे तिथला गिलावा खाली पडलेला. तू लिहिले होतेस ते खरे होते. मी तुझ्यावर जो शेरा मारला तो मागे घेते.

सोबतची माणसे पुढच्या खोलीत बोलत होती. मी परसात गेले आणि धुण्याच्या दगडावर चढून भिंतीवरून पाहिले. तुमच्या परसात पाणी, पाण्यात विटा, आणि मधल्या विटेवर वामनराव उभे. एकटेच. त्यांची काठी चिखलात रुतली होती आणि त्यांना वाकून ती उपटता येत नव्हती. मागेही जाता येईना, पुढेही. हाका मारत नव्हते. नुसते उभे होते. किती वेळ उभे होते देव जाणे.

मी म्हणाले, "हलू नका." माझ्या परसात कपडे वाळत घालायचा वेळू होता. तो भिंतीवरून खाली सोडला आणि गच्च धरून राहिले. त्यांनी डाव्या हाताने तो पकडला आणि एकेक वीट करत पलीकडे, संडासाच्या पायरीवर पोचले. तिथे उभे राहून ते माझ्याकडे बघू लागले. मला वाटले ओळखले नाही. मग बोलले. शब्द जड होते, मला त्यातच ऐकू कमी, म्हणून मी दोनदा विचारले. ते विचारत होते, "शालिग्राम कुठी आहे?"

पुष्पांजली, माझ्या तोंडून निघून गेले, "बाहेर गेलेत."

ते म्हणाले, "आला की धाड. बोलाचं आहे."

मी हो म्हणाले. खाली उतरले. त्या दगडावर किती वेळ बसले होते, मला सांगता येणार नाही. सोबतची माणसे शोधायला आली तेव्हा उठले. तुझ्या दारावर यायची माझी हिंमत झाली नाही. आले असते तर तुझ्यासमोर रडले असते, आणि ते मला नको होते.

आता कामाचे. भोक उघड. पण उघडे पाणी माझ्या परसातून सोडू नकोस. जमिनीतून पाइप टाक, चांगला रुंद, माझ्या कुंपणाच्या कडेने, सैपाकघरापासून दूर. बोळीच्या तोंडाशी एक चेंबर कर, त्यावर उचलता येईल असे झाकण. तुमच्या बाजूला भोकाला जाळी लाव, नाहीतर कडुनिंबाचा पाला अडकून सगळे फुकट जाईल. पावसाशिवाय दुसरे पाणी त्यात कधीच जाणार नाही, एवढे तू मला लिहून दे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तुझ्यानंतर आणि माझ्यानंतर कोणी विचारले तर दाखवता यावे म्हणून.

किल्ली बेबीताईकडे आहे. तिला माझे पत्र दाखव.

मंजुळा


पिंपळगाव राजा
६ सप्टेंबर २०२४

मंजुळावहिनी,

संगतच्या कागदावर लिहून दिलं आहे, खाली माझी सही आन् ह्यांचा डाव्या हाताचा अंगठा. आता झालं ते सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी हरिओमकडं गेली. त्याच्या हाती दुसरं काम होतं, म्हणे पोळा झाल्यावर येतो. मी त्याच्या दारात बसून राह्यली. शेवटी त्याची बायकोच म्हणली, "जा ना, त्या हलणार नाहीत." पाण्याची नळी लावून उतार पाह्यला. बोळीच्या तोंडाशी जमीन जराशी उचललेली निघाली, तिथं खोल खोदा लागलं. चेंबर तुमी सांगितलं तिथंच केलं. सैपाकघराच्या भिंतीपासून पाइप पुरा लांब ठेवला. तुमच्या जास्वंदीचं मूळ मधात आलं होतं. ते तोडू दिलं नाही, पाइप वळवून घेतला.

मंग भोक. शालिग्रामभाऊंचं सिमेंट लई पक्कं, छिन्नी वाजे पण टवका निघेना. हे खुर्ची टाकून पाहत होते. मधातच त्यांनी हरिओमले थांबवलं आन् मले विचारलं, "शालिग्रामले विचारलं का?"

तुमी 'बाहेर गेलेत' म्हटलं, ते मी समजू शकते. त्या दिवशी मीबी तेच म्हटलं असतं. पण मले रोज ह्यांच्यासंगं राहायचं आहे. आज बाहेर गेला म्हणलं तर उद्या पुन्हा विचारतीन, परवा पुन्हा. मी हरिओमले बाहेर धाडलं, खुर्चीजवळ खाली बसली आन् सांगितलं. "शालिग्रामभाऊ वारले. तुमी त्यांच्या मातीले गेल्ते. भांडण होतं तरी गेल्ते. सगळ्यात मागं उभे राह्यले होते." त्यांनी लई वेळ माझं तोंड पाह्यलं. मंग हळूच म्हणले, "गेल्तो का?" मी म्हटलं, "हाव, गेल्ते." त्यांनी डोळे पुसले, माझ्या पदरानंच. थोड्या वेळानं त्यांनीच भिंतीकडं हात केला, फोड म्हून.

पोळ्याच्या आदल्या दुपारी पाऊस आला. असा तसा नाही. समोरचं घर दिसत नव्हतं. पाइप जोडलेला होता, पण चेंबरचं झाकण राह्यलं होतं आन् जाळी लावायची होती. मी छत्री टाकून देली आन् परसात गेली. पाणी भोकाकडं धावून राह्यलं होतं, पण त्यासंगं कडुनिंबाचा सगळा पालाबी. भोक तुंबलं. पाणी चढू लागलं, पहिली वीट बुडाली. मी खाली बसली, हात घातला आन् पाला ओढून काढू लागली. काढला की पुन्हा येई. बेबीताई तिकडून तुमच्या परसात शिरली, ओरडून सांगत होती, "येऊन राह्यलं, येऊन राह्यलं, आता कमी झालं, काढ!" मले काही सुचेना. तवा मागून लोखंडी चाळणी आली माझ्या खांद्याजवळ. गहू चाळाची. मी वळून पाह्यलं तं हे. घरातून, भर पावसात, एका हातात काठी, चाळणी बगलेत धरून. कोणी आणलं नव्हतं त्यांले.

चाळणी मी भोकावर दाबून धरली, पायानं रेटली. पाला बाहेर, पाणी आत. पाऊस गेला तवा परसातल्या सगळ्या विटा उघड्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिथं चिखलबी नव्हता.

हरिओमनं मंग बरोबर जाळी बसवली, झाकणबी बसवलं. चाळणी वाकडी झाली. नवी घेतली.

हे आता सकाळ-संध्याकाळ एकटे जातात. मी सैपाकघरातून काठीचा आवाज ऐकते. संगं जात नाही. जायचं मन होते, पण जात नाही.

तुमच्या भिंतीले ऊन लागलं की ओल हटन. पुढल्या वर्षी गिलावा करून घेऊ.

तुमची पुष्पांजली


देऊळगाव राजा
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय पुष्पांजली,

उत्तराला उशीर झाला. तुला काय लिहावे ते ठरत नव्हते. तू पुढल्या वर्षीच्या गिलाव्याचे लिहिलेस, ते मी पुन्हा पुन्हा वाचले.

मी घर विकले.

ऑगस्टमध्ये मी आले होते ते गिऱ्हाइकाला घर दाखवायला. तुझे पहिले पत्र आले तेव्हाच बोलणी सुरू होती. मंजुश्री आणि जावई म्हणाले, व्यवहार होईपर्यंत घराला कसली कटकट लावून घेऊ नका. म्हणून मी तुला तडकाफडकी नाही म्हटले. बाकी कारणे खरी होती, पण हेही होते. आता या वयात मी तिथे एकटी राहू शकत नाही. फोन वाजलेला कळत नाही, दार वाजलेले कळत नाही. मंजुश्री मला चांगले सांभाळते. तिला मुलीच्या शिक्षणासाठी हातभार हवा आहे आणि तो मला द्यायचा आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, हे लक्षात ठेव.

दसऱ्यानंतर खामगावला खरेदीखत होते. घेणारे तरुण जोडपे आहे, ऋत्विक आणि अर्पिता. तो तुमच्या गावच्या बँकेत बदलून आला आहे. मुलगा सरळ आहे, पण त्याच्यासोबत त्याचे काका होते. कागद वाचून झाला तेव्हा मी विचारले, "पाइपचे कुठे लिहिले आहे?" काका म्हणाले, "बाई, दुसऱ्याचा पाइप आमच्या जागेत कशाला? तो आम्ही काढून टाकू." मंजुश्री माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "आई, आता सही कर, लोक थांबलेत."

मी पेन टेबलावर ठेवला. म्हणाले, "मागच्या घराचे पावसाचे पाणी या जागेतून जाते. ते जात राहील, पाइप कोणी बुजवणार नाही, आणि चेंबर साफ करायला त्यांना येऊ दिले जाईल. हे कागदात येईल, मग मी सही करीन. नाही आले तर मी माझे घर घेऊन परत जाते." जावई बाहेर निघून गेले. काका बरेच काही बोलले. देवाच्या कृपेने मला त्यातले निम्मेच ऐकू आले. मी बसून राहिले. शाळेत वर्ग शांत होईपर्यंत मी अशीच बसून राहत असे.

शेवटी त्या अर्पितानेच विचारले, "आजी, पाइप बुजवला तर काय होईल?" मी तिला सांगितले. मागच्या घरात एक माणूस नव्याने चालायला शिकतो आहे. आणि पाणी अडले की तुझ्याच सैपाकघराची भिंत कशी भिजते, तेही सांगितले. तू पाठवलेला कागद माझ्या पिशवीत होता, तो तिच्या हातात दिला. तिने वाचला, नवऱ्याला दिला. तो वकिलाला म्हणाला, "लिहा."

नवा कागद तयार होईपर्यंत दुपार टळली. बसमध्ये देऊळगाव जवळ आले तेव्हा मंजुश्री म्हणाली, "त्यांचंच पाणी होतं ना गं, ज्याच्यामुळे मी माहेर सोडून गेले होते?" मी म्हणाले, "ते पाणी तिने वळवलं. हे वेगळं आहे." मग तिने माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

खरेदीखताची नक्कल सोबत पाठवते. नीट ठेव.

मंजुळा


पिंपळगाव राजा
२६ ऑक्टोबर २०२४

मंजुळावहिनी,

पत्र वाचून मी आधी रडली, मंग ह्यांले वाचून दाखवलं. दुपारी परसात खुर्ची उचलून दे म्हणले, तुमच्या भिंतीकडं तोंड करून बसले.

अर्पिता परवा सामान घेऊन आली. तिच्या सैपाकघराची भिंत मी पाह्यली. वाळली आहे, पण खालचा गिलावा गेलाच, हरिओमले सांगून ठेवलं. मी तिले चेंबरचं झाकण उचलून दाखवलं, पाला कसा काढायचा ते दाखवलं. ती पदर खोचून लगेच आत वाकली. म्हणली, "काकू, पुढच्या बारीला मी काढीन, तुम्ही फक्त उभ्या राहा." जास्वंद तशीच ठेवा म्हटलं. हो म्हणली.

परतीचा पाऊस झाला. पाणी गेलं.

आता माझं ऐका. तुमी कागदात आमचं पाणी लिहून घेतलं, पण स्वतःचं येणं-जाणं लिहून घेतलं नाही. ते मी घेते. भाऊबीज झाली की मंजुश्रीले घेऊन आमच्या घरी राहाले या. दोघीबी. न्हाणीत आता दांडा आहे, तुमाले धरून चढता येईन. मंजुश्रीले सांगा, मागं खाट टाकून झोपली तरी डास नाहीत. खोटं वाटलं तर येऊन पाहा म्हणा.

ह्यांले विचारलं, तुमाले काय लिहू त्यांच्याकडून. लई वेळ लागला, पण सांगितलं. म्हणले, "लिही, मी फाट्यापर्यंत चालत येतो घ्यायले."

फाटा दूर आहे, वहिनी. पण त्यांनी कालपासून गल्लीत चालणं सुरू केलं. बसचा दिवस कळवा.

तुमची
पुष्पांजली